बडोद्याच्या लोकांची यादी काढायचीय? विकिडेटा वापरा

एकेक नाव गूगल करत बसू नका, विकिडेटाचा (विकिपीडियाच्या कुटुंबातला खुला माहितीसाठा) क्वेरी बिल्डर उघडा, म्हणजे माहितीला प्रश्न विचारायचं पान, कोडिंग लागत नाही. प्रॉपर्टीत जन्मस्थान म्हणजे पी१९ टाका, व्हॅल्यूत वडोदरा शहर निवडा (जिल्ह्याची एंट्री वेगळी आहे हं), रन करा. क्रिकेटपटू विजय हजारे यात नाही यायचे, जन्म सांगलीचा ना, पण ते २००४ साली बडोद्यात वारले, म्हणून मृत्युस्थान पी२० ची क्वेरी वेगळी चालवा.

बिल्डरमधूनच ती क्वेरी स्पार्कलमध्ये (SPARQL, क्वेरी लिहायची भाषा) उघडता येते आणि खरी मजा तिथेच, कारण लेबलच्या ओळीत इंग्रजीच्या आधी मराठीचा कोड ‘mr’ लिहिला की नावं मराठीत येतात, नसतील तिथे इंग्रजीत, म्हणजे मराठी नावं भरायचं आपलं काम कुठे बाकी आहे तेही दिसतं. ६० सेकंदांत क्वेरी संपली नाही तर सर्व्हर ती तोडतो, निकालांच्या संख्येला लिमिट ठेवा. निकाल सीएसव्हीत (तक्त्याची साधी फाइल) डाउनलोड होतो.

आपल्या यादीतली नावं विकिडेटाच्या नोंदींशी जुळवायला ओपनरिफाइन, माहिती तिथे एकगठ्ठा भरायला क्विकस्टेटमेंट्स ही साधनं आहेत, पण आधी दोन-चार हातानेच भरून बघा, चुकीचा गठ्ठा निस्तरणं म्हणजे डोकेदुखी. आणि दांडिया बाजारातले काका आणखी नावं सुचवतीलच, ती घालताना संदर्भ जोडा, नुसतं ‘काका म्हणाले’ चालत नाही तिथे.