बीटलचा क्लच कुरकुरतोय? रिलीज बेअरिंग बदलण्याआधी त्याची जोडी तपासा

माझी फोक्सवॅगन बीटल कागदोपत्री १९७२ ची. काही वर्षांपूर्वी तिची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असं सगळं नवं टाकलं. पेडल दाबलं की हे बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबतं आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटं होतं. हजार-बाराशे किलोमीटर झाले आणि पेडलवर पाय टेकवला की मागून कुरकुर यायला लागली. रिव्हर्स टाकताना गिअर ओरडायचा. गॅरेजमध्ये दोष बेअरिंगलाच दिला गेला, दुसरं टाकलं, तेही महिनाभरात वाजायला लागलं. शेवटी इंजिन उतरवून मी स्वतः आत डोकावलो. प्रेशर प्लेटच्या मधल्या बोटांवर (मध्याकडे येणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर) चकचकीत ओरखड्याचं वर्तुळ उमटलं होतं, पण ते मध्यावर नव्हतं. एका बाजूची बोटं नख अडकेल इतकी खोल खाल्ली होती, समोरच्या बाजूला नुसती पुसट रेघ. बेअरिंगमध्ये काहीही खोट नव्हती. त्याला जोडीची प्रेशर प्लेटच मिळाली नव्हती.

बीटलवर हा घोळ होतो, कारण तिच्यात रिलीज बेअरिंगच्या दोन पद्धती आहेत. १९७० च्या ऑगस्टपर्यंतच्या, म्हणजे १९७० मॉडेलपर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंगला आधाराची नळी नसते. ते फोर्कवर, म्हणजे त्याला ढकलणाऱ्या दुबेळक्या लिव्हरवर, दोन क्लिपांनी नुसतं लटकतं आणि प्रेशर प्लेटच्या मधोमध बसवलेल्या गोल रिंगवर दाबतं. १९७१ मॉडेलपासून गिअरबॉक्सच्या तोंडाशी, इनपुट शाफ्टभोवती (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याभोवती) एक गाइड नळी आली. बेअरिंग त्या नळीवरून सरकतं आणि थेट बोटांवर दाबतं, त्यामुळे प्लेटवर रिंग नसते. माझ्या गाडीत कुणीतरी कधीकाळी जुना, नळी नसलेला गिअरबॉक्स चढवला होता. बेअरिंग नमुना दाखवून आणलं म्हणून ते बरोबर आलं. प्रेशर प्लेट मात्र आरसी बुकावरचं साल सांगून मागवली, म्हणून ती बिनरिंगची आली. भारतातल्या बहुतेक जुन्या गाड्यांचं इंजिन किंवा गिअरबॉक्स कधी ना कधी बदललेलं असतं. तेव्हा साल बघून सुटे भाग मागवू नका, गिअरबॉक्सचं तोंड बघून मागवा.

आधी कान लावा

इंजिन उतरवण्याआधी अर्धं निदान बसल्या जागी होतं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि पेडल हळूहळू दाबा. पेडलची मोकळी चाल संपून किंचित वजन लागतं, तिथेच आवाज सुरू झाला तर तो रिलीज बेअरिंगचा. पाय काढलेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे संशय वळवा. गाडी गिअरमध्ये उभी आणि पेडल पूर्ण दाबलेलं असतानाच बारीक किणकिण येत असेल, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मोठ्या नटाच्या आत बसणारं छोटं नीडल बेअरिंग कोरडं पडलेलं असू शकतं. हे तीन आवाज वेगळे ओळखता आले की निम्मा खर्च वाचतो.

आता पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही गिअर करकरला तर क्लच पुरता सुटत नाहीये. उलट, टॉप गिअरमध्ये चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय.

मग केबल

क्लच सुटत नाही म्हणून थेट इंजिन उतरवू नका. बीटलची क्लच केबल पेडलपासून गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जाते आणि गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या लिव्हरला पंखाच्या नटाने अडकते. गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, पुढची चाकं अडवा आणि मगच खाली शिरा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही.

पेडलच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. पंखाचा नट फिरवून ती आणा आणि नटाचे कंगोरे लिव्हरच्या खाचेत नीट बसलेत ना, ते बोटाने चाचपा. चाल अजिबात नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं, झिजतं आणि क्लचही घसरतो. आटे संपेपर्यंत नट आवळूनही चाल कमी होत नसेल, तर केबल ताणलेली आहे, पेडलचा हुक झिजलाय, बोगद्यातल्या नळीचा टाका तुटलाय, किंवा आतली जोडीच चुकली आहे. माझ्याकडे हेच शेवटचं होतं. रिंगच नसल्याने तिच्या जाडीइतकं अंतर बेअरिंगला जास्त कापावं लागत होतं.

गाडी सुटताना हिसके देत असेल तर गिअरबॉक्सजवळची, केबल जिच्यातून जाते ती लवचिक नळी पाहा. तिला २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. कमी असेल तर गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटपाशी वॉशर घालून वाढवता येतो. हे पाच मिनिटांचं काम पुष्कळदा राहून जातं.

इंजिन उतरवल्यावर

मागच्या सीटखालच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पेट्रोलचा पाइप बंद करा, कारण टाकी पुढे असली तरी पेट्रोल वाहतच राहतं. इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी धरलेलं असतं, १७ नंबरचा पाना लागतो. इंजिन शंभर किलोच्या वर भरतं, म्हणून खाली मजबूत ट्रॉली जॅक घ्या आणि सरळ मागे ओढा. उतरवताना किंवा चढवताना त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, त्याने नव्या क्लच प्लेटचा हबही (मधला भागही) वाकतो. आतली धूळ हवेने उडवू नका. क्लच प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) अॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्यानेच पुसा.

आता गिअरबॉक्सच्या तोंडाकडे बघा. शाफ्टभोवती नळी आहे, तर प्रेशर प्लेट बिनरिंगची हवी. रिंगवाली हाती आली असेल तर तिच्या क्लिपा सोडवून रिंग काढता येते. नळी नाही, तर रिंग हवीच. ती बाहेरून आणून बसवण्याची खटपट करण्यापेक्षा रिंगवाली प्लेटच आणा, असं माझं मत आहे.

बेअरिंग फोर्कवर बसवून हाताने फिरवा. ते गुळगुळीत फिरायला हवं आणि दोन्ही क्लिपा घट्ट हव्यात. नळीवर सरकणारं असेल तर पुढे-मागे सरकवून बघा, कुठेही अडकता कामा नये. नवं बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. फोर्कचा आडवा शाफ्ट वर-खाली हलवून बघा. बुश झिजले असतील तर शाफ्ट डुगडुगतो आणि बेअरिंग तिरकं दाबतं. बोटं वाकडी खाल्ली जाण्याचं हेही एक कारण आहे.

क्लच प्लेटवर तेल दिसलं तर ते कुठून आलं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. फ्लायव्हीलमागचं सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट सील, दोन्हींपैकी एक गळतंय. फ्लायव्हील पुढे-मागे ढकलून क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) चालही तपासा. डायल गेजवर ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर यायला हवी. जास्त असेल तर नवं सीलही फार टिकणार नाही.

क्लच प्लेटचं मापही घ्या. ६ व्होल्टच्या गाड्यांचं फ्लायव्हील १०९ दातांचं आणि प्लेट १८० मिलिमीटरची असते. १३० दातांच्या १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलवर बहुधा २०० मिलिमीटरची बसते, पण दात मोजून थांबू नका, प्लेटला पट्टी लावा.

परत बसवताना

क्लच प्लेटच्या हबची उंच बाजू गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर ती फ्लायव्हीलच्या नटावर आपटते. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याहून चांगलं हत्यार नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एकेक फेरा देत आवळा, शेवटी २५ न्यूटन-मीटरवर. मग फ्लायव्हीलपासून बोटांची (किंवा रिंगची) उंची तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापं जुळली नाहीत तर बोल्ट सोडून पुन्हा सुरुवात करा. इंजिन चढल्यावर हा फरक हाताला लागत नाही, फक्त पायाला जाणवतो.

शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. इंजिन चढवताना ते शेवटच्या बोटभर अंतरात अडलं तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. इंजिनची पुली हाताने थोडी फिरवा, खाचा जुळल्या की ते आपसूक आत सरकतं.

माझ्या गाडीत रिंगवाली प्रेशर प्लेट घातली आणि नटाने चाल १५ मिलिमीटरवर आणली. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजली तेव्हा ती १२ भरली, म्हणून नट दोन फेरे सैल केला. क्लच प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि चाल कमी होत जाते, त्यामुळे पट्टी आता डिकीतच ठेवलेली असते.