सुताराला माप द्यायचंय? इंच-सुतात द्या

फर्निचरचं माप लोक मला फोनवर पाठवतात: '२३.५'. आता हे साडेतेवीस इंच समजायचं, की २३ इंच ५ सूत? आठ सुतांचा एक इंच, म्हणजे अर्धा इंच चार सूत. फरक एका सुताचा, पण ड्रॉवर अडकायला तेवढा पुरतो. म्हणून पॉइंट नकोच. सरळ '२३ इंच ४ सूत' असं लिहा.

टेपवर दोन आकड्यांच्या मधोमध सगळ्यात लांब रेघ असते, ती चार सूत. तिच्या अलीकडची जरा आखूड रेघ दोन सूत म्हणजे पाव इंच, पलीकडची सहा सूत म्हणजे पाऊण. एक, तीन, पाच, सात त्यांच्यामध्ये. सर्वांत बारीक रेघ बहुतेक टेपवर अर्ध्या सुताची. त्याखाली जाऊ नका, रुंद फळी पावसाळ्यात त्याहून जास्त फुगते.

टेपच्या टोकाची पत्री हलते म्हणून कोणी ती ठोकून घट्ट करतं. करू नका! ती स्वतःच्या जाडीइतकी सरकायलाच हवी. मग फळीला बाहेरून अडकवा की भिंतीला आतून टेकवा, माप बरोबर येतं.

ओव्हन, डिशवॉशरची मापं मिलिमीटरमध्ये येतात. इंच २५.४ मिलिमीटरचा. समजा ६०० आहे. भागिले २५.४, आले २३.६२. तेवीस इंच बाजूला ठेवा, उरलेल्या .६२ ला आठने गुणा: ४.९६, म्हणजे पाच सूत. '६०० म्हणजे दोन फूटच की' म्हणणारे खूप भेटतात. दोन फूट होतात ६०९.६, तीन सुतांची फट राहते आणि मग पट्टी मारत बसा.

कोनाडा मोजताना रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा घ्या आणि सगळ्यात लहान माप लिहा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे आले नाहीत, तर कोनाडा गुण्यात नाही, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नाहीत. तसं मला कळवा, म्हणजे मी बाजूची पट्टी रुंद धरतो. आणि माप आतलं की बाहेरचं, हे लिहायला विसरू नका. दोन बाजूंचा पाऊण इंची प्लाय दीड इंच खातो.