टो टच: नावानेच फसवलं

न्यू जर्सीत शाळेच्या चिअरलीडिंग संघात गेले तेव्हा माझा टो टच, म्हणजे हवेत दोन्ही पाय ताठ बाजूंना फाकवून मारायची उडी, बेडकाची उडी वाटायची. गुडघे वाकलेले, पाठीला पोक. पायाची बोटं हाताला लागलीच पाहिजेत असं वाटून मी हवेत पुढे वाकायचे. नावच तसं आहे ना! आईने फोनवर काढलेला स्लो मोशन व्हिडिओ पाहिला तेव्हा चूक दिसली. हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ, छाती वर, आणि पाय हातांकडे आणायचे. हात पायांकडे न्यायचे नाहीत.

तरी पाय वर येईनात. स्प्लिट, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीवर टेकणं, तर रोज करत होते! कमी होती ती जांघेजवळच्या स्नायूंची ताकद. मग जमिनीवर पाय फाकवून बसायचं, तळहात पुढ्यात टेकवायचे, गुडघे छताकडे ठेवून पाय उचलायचे. दहा-दहा वेळा, तीनदा, दिवसाआड. पहिल्या दिवशी दोन इंचही उचलले नाहीत, वर मांडीत गोळे आले.

शिवाय हात फिरवून झाल्यावर मी उडायचे, त्यामुळे जोर वाया जायचा. हात खालून वर झेपावतात त्याच क्षणी जमीन सोडायची.

दोनेक महिन्यांत पाय कमरेच्या वर जाऊ लागले. उतरताना पावलं जुळवायला अजून विसरते. अमेरिकेतल्या चिअरलीडिंगचे एक जुने प्रवर्तक लॉरेन्स हर्किमर यांच्या नावाची हर्की उडी मात्र मला पहिल्यापासून बरी जमते. तिच्यात एक गुडघा वाकवायचाच असतो!