मावळतीचे फोटो का फसतात? या चुका टाळा

बिंब बुडालं की ट्रायपॉड गुंडाळायचा, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ढग असतील तर खरा रंग त्यानंतरच्या पाच ते पंधरा मिनिटांत चढतो, कारण तेव्हा उजेड ढगांच्या पोटाला खालून लागतो. बिंब गेल्यावर किमान २५ मिनिटं जागा सोडू नका.

उशिरा पोचणं ही दुसरी. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सातच्या आसपास. गोंदियाची वेळ बुलढाण्यात चालत नाही, तिथे साधारण १५ मिनिटं जास्त मिळतात. हात लांब करून क्षितिज आणि बिंब यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. एक बोट म्हणजे जवळपास पाव तास. चार बोटं उरलेली असताना जागेवर असा, आणि पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या. गुरं कोणत्या पांदणीने गावाकडे वळतात, धुऱ्यावरच्या पळसाची कोणती फांदी आभाळात मोकळी दिसते, मामा (माजी मालगुजारी) तलावात बगळा कुठे उभा आहे, हे तेवढ्या वेळात नजरेत भरतं. फ्रेम मग शोधावी लागत नाही.

लोणारला विवरात उतरून सूर्यास्ताची वाट पाहू नका. काठ तळापासून शंभराहून जास्त मीटर उंच आहे, त्यामुळे खाली बिंब बरंच आधी दिसेनासं होतं. पूर्वेकडच्या काठावर थांबा.

रंग फिके येतात? ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगांची जुळवणी, केशरी रंग मारून टाकते. ‘क्लाउडी’ लावा. बिंब पांढरं भोक दिसत असेल तर मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) बिंबाच्या बाजूच्या आभाळावर घ्या आणि एक्सपोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करा. त्यात जमीन काळी पडणारच. तेव्हा पऱ्हाटीचा, बंडीचा (बैलगाडीचा) किंवा माणसाचा आकार स्वच्छ सुटा दिसेल असे उभे राहा, सावल्या उजळत बसू नका. बिंबाजवळ हिरवट ठिपके आले तर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा आणि काच पुसा. कापसाच्या दिवसांत धूळ फार बसते.

अंधारत जाताना फोटो हलले, तर दोष बहुधा काळ्या मातीचा. ओली असली की ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात आणि उन्हाळ्यात भेगांच्या कडा ढासळतात. प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवा, मधला दांडा वर काढू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ ठेवून शटर खुशाल लांबू द्या.

टेलिफोटो लेन्समधून, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, बिंब कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. स्क्रीन वापरा.

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. रानडुकरांसाठी तारेला विजेचा धक्का देणारी झटका मशीन लावलेली असते आणि दिवेलागणीला ती तार दिसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलाला लागून असाल तर मात्र वरची २५ मिनिटं विसरा, उजेड असतानाच गाव गाठा.