जॉबवर्कवाल्याला कंपनीच्या क्लाउडमध्ये प्रवेश कसा द्यावा

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतली कुठलीही फौंड्री घ्या. कास्टिंग तिथं ओतलं जातं, मशिनिंग उद्यमनगरातल्या शॉपमध्ये होतं, हिशेब सीए बघतात. ड्रॉईंगची चालू रिव्हिजन, डिस्पॅचचं वेळापत्रक, बिलं असं प्रत्येकाला आपल्या क्लाउडवरचं काही ना काही लागतं. मग ‘व्हेंडर’ नावाचं एकच लॉगिन काढून पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो. हे कृपा करून थांबवा. ड्रॉईंग कोणी उघडलं ते अशानं कधीच कळत नाही, आणि एकाला बंद करायचं तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो.

समोरच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर ‘गेस्ट’ म्हणून आत घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर हे काम एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन आणि हक्क सांभाळणाऱ्या सेवेत होतं. २०२३ पर्यंत यालाच अझ्युर एडी म्हणत.

आधी कागदावर यादी करा: माणूस कोण, कुठलं अ‍ॅप, किती दिवसांसाठी, आणि आपल्याकडून त्याची जबाबदारी कोणाची. शेवटचा रकाना रिकामा असेल त्याला प्रवेश देऊ नका.

मग एन्ट्राच्या ‘एक्स्टर्नल कोलॅबोरेशन सेटिंग्ज’मध्ये जा. मुळात तिथं कंपनीतला कोणीही, अगदी बाहेरून आलेला गेस्टसुद्धा, आणखी गेस्ट बोलावू शकतो. तो हक्क ठरावीक लोकांपुरता ठेवा. अ‍ॅडमिनचे पूर्ण हक्क न देता फक्त बोलावण्यासाठी ‘गेस्ट इन्व्हायटर’ हा रोल आहे. परचेसमधल्या एकाला तो दिला की पुरतं.

आता कामाप्रमाणे ग्रुप करा. मशीन शॉपचा वेगळा, ऑडिटचा वेगळा. शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये फाइल्स ठेवायच्या जागी, पूर्ण साइट न देता त्या ग्रुपला त्याच्या कामाचं फोल्डर तेवढं द्या. ईआरपीसारखं (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं) अ‍ॅप एन्ट्राला जोडलेलं असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘असाइनमेंट रिक्वायर्ड’ला ‘येस’ करा, म्हणजे नेमून दिलेल्यांनाच ते उघडेल. अ‍ॅप थेट ग्रुपला नेमायला एन्ट्राचं पी१ हे वरच्या पातळीचं लायसन्स लागतं. नसेल तर एकेकाला नेमा.

निमंत्रण ‘युजर्स’, ‘न्यू युजर’, ‘इन्व्हाइट एक्स्टर्नल युजर’ इथून जातं. संदेशाच्या चौकटीत मराठीत लिहा: “नमस्कार, पंप बॉडीची ड्रॉईंग्ज आता इथं मिळतील. खालच्या लिंकवर जाऊन स्वीकारा.” आणि आधी फोन करा. अनोळखी मेल स्पॅममध्ये जातो, नाहीतर फसवणूक समजून डिलीट होतो, आणि असा मेल डिलीट करणाऱ्याचं काही चुकत नाही.

ईमेल कुठला घेता याला फार महत्त्व आहे. समोरच्या कंपनीकडेही मायक्रोसॉफ्टचं ऑफिस खातं असेल तर माणूस तोच पासवर्ड वापरतो. त्यानं नोकरी सोडली आणि त्यांनी खातं बंद केलं की आपल्याकडचं लॉगिनही बंद पडतं. खासगी जीमेलचं तसं नाही. तिथं साधारणपणे मेलवर एकदाच वापरायचा कोड येतो, तो ३० मिनिटं चालतो, आणि माणूस दुसऱ्या शॉपमध्ये गेला तरी कोड त्यालाच येत राहतो. छोट्या शॉपकडे बऱ्याचदा जीमेलच असतं, तिथं मालकाला स्पष्ट सांगा: “दादा, पोरगा सोडून गेला की त्याच दिवशी कळवा.”

गेस्टसाठी मोबाइलवरची दुसरी पडताळणी सक्तीची करा. एन्ट्रातल्या ‘कंडिशनल अ‍ॅक्सेस’ या लॉगिनच्या नियमांनी ती फक्त गेस्टपुरती लावता येते, त्यालाही पी१ लागतं.

दर तिमाहीला यादी काढून जबाबदार माणसाकडून प्रत्येक नावावर ‘हवा’ किंवा ‘नको’ लिहून घ्या. ‘नको’ असलेला युजर डिलीट करा. चुकून भलताच गेला तर ३० दिवसांत परत आणता येतो. उतरवून घेतलेली ड्रॉईंग्ज मात्र त्याच्या कॉम्प्युटरवर राहतातच, म्हणून जिथं नुसतं बघून भागतं तिथं पीडीएफ द्या आणि शेअर करतानाच ‘ब्लॉक डाउनलोड’ चालू ठेवा.