गटचर्चा घेताय? आधी स्वतःचं तोंड आवरा

"आमची लेकरं बोलतच नाहीत हो सर." आम्हा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हे ऐकलं नाही असा महिना जात नाही. हीच लेकरं मधल्या सुट्टीत शाळा डोक्यावर घेतात. मग तासाला मुकी का होतात?

एक तर प्रश्न चुकतो. 'पाण्याचे महत्त्व सांगा' हा निबंधाचा विषय झाला. पाच गट बसवा, पाचही वह्यांत 'पाणी हेच जीवन' येणार. ज्यावर घरात दोन भाऊ भांडतील असाच प्रश्न मी फळ्यावर लिहितो.

पण प्रश्न बरोबर असूनही तास मातीत घालता येतो. मी घातलाय. नववीच्या वर्गाला विचारलं होतं, "एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. मग आपल्याकडं उसावर बंदी घालावी का?" वर्ग पेटला. बहुतेकांचं म्हणणं, घालावी. खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी म्हणाली, "सोयाबीन काढणीला आलं अन् पाऊस लागला की शेंगंतच कोंब फुटतेत. ऊस उभा तरी राहतो." शेजारचा म्हणाला, "राहतो, पण बिल कधी मिळतं?" कारखान्यानं उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा नियम आहे, तो हुडकायला दोघं निघालेच असते. तिसऱ्याचे आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जातात. तो म्हणाला, "पण सर, बंदी आली तर..."

आणि मी मध्ये तोंड घातलं. "ठिबकवर लावला तर?"

संपलं. सगळ्या गटांनी लिहून टाकलं, 'ठिबक सिंचन करावे.' सर म्हणाले म्हणजे तेच उत्तर असणार! त्या पोराचं वाक्य अर्धंच राहिलं. नंतर दोनदा विचारलं, तर म्हणाला, "काही नाही सर."

तेव्हापासून चर्चा सुरू झाली की मी मागच्या बाकावर बसतो आणि तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा टाकतो. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा तर नाहीच. (डायबेटिस असेल त्यांनी लवंग धरावी.)

गटप्रमुख दरवेळी पहिल्या नंबरचाच नको; हजेरी क्रमांकानं फिरवा. आठ जणांचा गट केला की तिघं बोलतात, पाच खिडकीबाहेर बघतात. साठ पटाच्या वर्गात बाकं हलवत बसू नका, पुढच्या बाकावरच्यांना मागं तोंड करून बसवा, चार-सहांचा गट तयार. प्रत्येक गटात एक आडवं लावणारा नेमा. कुणी काहीही म्हणालं की त्यानं एवढंच विचारायचं, "कशावरून?" पाच मिनिटांत एकमत झालं म्हणून खूश होऊ नका, बहुतेक वेळा हुशार पोरानं लिहिलेलं असतं आणि बाकीच्यांनी मान डोलावलेली असते.

गोल बसवून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झाली गटचर्चा, अशांना काय सांगणार! आणि दोन शुक्रवार गटचर्चा घेऊन "आपल्याकडं जमत नाही" म्हणणाऱ्या नव्या गुरुजींशी मी वाद घालत नाही. पहिला महिना नुसता कालवाच असतो. दहा-दहा मिनिटंच घ्या, पण घ्या.

शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या, नाव नको: आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं. साठांतल्या सात-आठ चिठ्ठ्यांत दोन ओळी वेगळ्या निघाल्या तरी मी त्या दिवशी घरी खुशीत जातो.