एअर रायफल शिकताना या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि पुढच्याच आठवड्यापासून माझ्याकडे मुलांना एअर रायफल शिकवायला पुणे परिसरातल्या कोथरूड, वारजे, पिंपळे सौदागर अशा सगळीकडून पालक यायला लागले. आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "सर, रायफल कुठली घेऊ?"

इथेच पहिली चूक होते. मुलाला अजून रिकाम्या हातानं दहा मिनिटं स्थिर उभं राहता येत नाही आणि बाबा दोन-तीन लाखांची मॅच (स्पर्धेची) रायफल बुक करून मोकळे झालेले असतात. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ती पूर्ण वजनाची दिली की पोर कंबरेतून मागे वाकतं. ती वाकडी सवय मोडायला पुढचं वर्ष जातं. पहिले तीन महिने रेंजवरचीच रायफल वापरा. मग घ्याल तेव्हा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) कोपराच्या खोबणीत टेकवून बघा, बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचलं पाहिजे. वाढत्या वयात ही मापं दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून बट, चीक पीस (गाल टेकवायची पट्टी) आणि बटच्या हूकच्या खुणा वहीत लिहून ठेवायला मी सांगतो. ज्याची वही नाही त्याच्या रायफलला मी हात लावत नाही.

काही जण हळूच विचारतात, "गावाकडे शिकारीला चालेल का हो?" नाही चालणार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. ससा, मोर, पोपट यांच्यावर नेम धरणं हा गुन्हा आहे, आणि ४.५ मिलिमीटरच्या चपट्या पेलेटनं (एअर रायफलच्या छोट्या गोळीनं) जनावर बहुतेकदा लगेच मरतही नाही, जखमी होऊन कुठेतरी झुडपात तडफडत राहतं. ज्यांना शिकार हवी आहे त्यांना मी शिकवत नाही.

आता जी चूक बघितली की माझा जीव अजूनही घशात येतो, ती सांगतो. "रिकामीच आहे, सर."

तीन-चार वर्षांपूर्वीचा मे महिना होता. धायरीहून एक गृहस्थ सकाळी स्कूटरवरून मुलाला घेऊन रेंजवर आले. मागे मुलगा, मध्ये त्याची पहिलीतली बहीण, आणि मुलाच्या हातात रायफलची बॅग उभी धरलेली. नळीचं टोक बरोबर त्या चिमुरडीच्या कानाशी. मी म्हटलं, बॅग टेबलावर आडवी ठेव, तोंड टार्गेटकडे कर आणि सेफ्टी फ्लॅग लाव. फ्लॅग म्हणजे पिवळी-केशरी जाड दोरी. ती ब्रीचमधून (पेलेट भरायच्या मागच्या जागेतून) घालायची आणि नळीच्या तोंडातून बाहेर आलेली दिसली पाहिजे. "सर, रिकामीच आहे," असं म्हणत त्यानं ब्रीचवरचा बोल्ट उघडला आणि दोरी घालायला लागला. दोरी आत जाईना. परत घातली, परत तिथेच अडली. पोराच्या कपाळावर घाम आला. आत पेलेट बसलेली होती.

आदल्या रात्री पार्किंगमध्ये सराव करताना त्यानं पेलेट भरली, आईनं जेवायला हाक मारली, आणि रायफल तशीच बॅगेत गेली. लेन मोकळी करून, सगळ्यांना मागे घेऊन त्याच्याकडून ती पेलेट मी टार्गेटवर मारून घेतली. कागदाला भोक पडलं तेव्हा त्याचे वडील मुलीचा हात घट्ट धरून उभे होते. कोणी काही बोललं नाही.

मॅच रायफलच्या ट्रिगरला शंभरेक ग्रॅमचा दाबही पुरतो. पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघते. परवाना लागत नाही म्हणून लोक तिला खेळणं समजतात, पण डोळा जायला एवढा वेग भरपूर झाला. माझी सवय अशी: कोणीही रायफल पुढे केली आणि बोल्ट उघडा नसला, तर मी हातच पुढे करत नाही. समोरचा ऑलिंपिकला जाऊन आलेला असला तरी नाही. बोल्ट उघडा, फ्लॅग आत, दोन्ही टोकं दिसतायत, मगच रायफल जागची हलेल. घरी सराव करायचा तर तो विनापेलेट, ड्राय फायर मोडवर. आणि घरातली लहान मुलं त्या खोलीत नकोत, रायफल रिकामी असली तरी. पार्किंगमध्ये, गच्चीवर पेलेट मारणं तर बंदच करा.

तिसरी चूक जिवावर बेतत नाही, पण होतकरू नेमबाज तिच्यापायी वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर अडकून राहतात. शॉट बाजूला गेला की लगेच साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवायचे, म्हणजे नेम थोडा थोडा सरकवायचा.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरनं लांब. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर. आता हिशोब करा: दोन साइटची जुळणी अर्ध्या मिलिमीटरनं बिघडली, तर टार्गेटवर पेलेट सहा मिलिमीटरच्या आसपास सरकते. म्हणजे दोन वर्तुळं गेली. ही जुळणी गालानं बिघडते, खांद्यानं बिघडते, पायाच्या अंगठ्यानं बिघडते. क्लिकमुळे बिघडण्याची शक्यता सगळ्यात शेवटची, आणि मुलं सगळ्यात आधी तिथेच हात घालतात.

सिंहगड रोडची एक सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. सरावात दहा शॉटच्या सिरीजला १०३ सहज मारायची (गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९). जिल्ह्याच्या स्पर्धेत साइटर (गुण न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट) सुरू झाले. पहिला शॉट ९.१, तीन वाजण्याच्या दिशेला. क्लिक. पुढचा १०.२. मग ९.०, यावेळी डावीकडे. परत उलटे क्लिक. मी मागे खुर्चीवर, स्पर्धेत लेनवर बोलता येत नाही. टक, टक, टक, तो आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता. तयारीची आणि साइटरची १५ मिनिटं संपली तेव्हा आपला शून्य (साइटची मूळ जुळणी) कुठे होता हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पहिली सिरीज ९७ ची गेली. डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं साठ शॉट पूर्ण केले, त्याचं मला आजही कौतुक आहे.

नंतर मी रायफल घेतली आणि चीक पीसवर अंगठा दाबला. केसभर हललं. स्क्रू ढिला होता. प्रत्येक शॉटला गाल वेगळ्या जागी बसत होता आणि बिचारी साइटला शिक्षा देत होती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या रायफलवर प्रत्येक स्क्रूपासून बॉडीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ असते. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला. सकाळी रायफल बाहेर काढली की आधी रेघा बघायच्या, मग जॅकेट चढवायचं. आणि पाच शॉट एका गठ्ठ्यात पडल्याशिवाय साइटला हात नाही. गठ्ठा उजवीकडे पडलाय? मग क्लिक फिरवा. शॉट विखुरलेत? मग साइट सोडा, पाय बघा, गाल बघा, श्वास बघा. अधीर मुलांना हे पटत नाही, त्यांना आत्ताच्या आत्ता दहा हवा असतो. थांबायला शिकलेलं मूलच पुढे जातं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

थांबण्यावरूनच आणखी एक. नेम धरून सात-आठ सेकंद झाले आणि शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्या. डोळा थकतो, वर्तुळ गोल दिसतं पण ते आधीचंच चित्र डोळ्यांत साठलेलं असतं. खाली घेतलेला शॉट वाया गेला असं मुलांना वाटतं. स्पर्धेत ६० शॉटना सव्वा तास मिळतो, वेळ पुरून उरतो.

रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबाचा असतो. सावकाश भरा, घाईत भरला की तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. त्यावरची तारीख बघा, मुदत उलटली की तो बाद. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. आणि कोणी कितीही स्वस्तात म्हणाला तरी ऑक्सिजन कधीही भरू नका, स्फोट होतो.

जॅकेट दुकानात मोठं घेऊन "वाढत्या अंगाचं" घेतलं असं म्हणू नका. सैल जॅकेट आधार देत नाही.

पेलेट बदलली की गठ्ठा बदलतो. एक डबा आवडला तर त्याच बॅचचे आणखी घेऊन ठेवा.

पावसाळ्यात बालेवाडीच्या रेंजवरून घरी गेलात की रायफल बॅगेत बंद करून झोपू नका. बॅग उघडी ठेवा, नळी कोरड्या फेल्टनं पुसा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुलैत पुण्याची हवा लोखंडाला दोन दिवसांत गंज चढवते.

आणि पेलेट शिशाची असते. भरताना ओठांत धरणारी मुलं मी पाहिली आहेत, तिथल्या तिथे थांबवली आहेत. रेंजवरून निघताना साबणानं हात धुवा, मगच बाहेरच्या गाडीवरचा वडापाव हातात घ्या.